डोळ्यांची साक्ष आणि ‘अन्यत्र’ असलेला माणूस
(शताब्दी व्याख्यानमालेतील व्याख्यान)



ग्रंथालयाच्या शताब्दीनिमित्त होणाऱ्या व्याख्यानात संतसाहित्य, नाटक किंवा सीमाभागातील मराठी यांपैकी एखादा विषय असेल, अशी अपेक्षा स्वाभाविक आहे. फौजदारी अपिलातील पुराव्याची चर्चा येथे कोणाला परकी वाटल्यास नवल नाही. पण साक्ष म्हणजे घडून गेलेल्या गोष्टीचे शब्दांत केलेले कथनच असते, आणि कथन करणाऱ्यावर किती विश्वास टाकावा हा प्रश्न वाचकाच्या रोजच्या परिचयाचा आहे. कादंबरीतला निवेदक चुकला तर फार तर रसभंग होतो. न्यायालयातला निवेदक चुकला तर काय होते, हा आजच्या विवेचनाचा विषय आहे.

‘साक्षी’ या शब्दाच्या पोटातच डोळा आहे. ज्याने प्रत्यक्ष, आपल्या डोळ्यांनी पाहिले तो साक्षी. ‘चक्षुर्वै सत्यम्’ हे वचन मराठी माणूस संस्कृत न शिकताही वापरतो. ‘माझ्या डोळ्यांदेखत घडले’ असे म्हटले की गावच्या पारावरचा वादसुद्धा मिटतो. याच्या अगदी समोर आरोपीचे एक छोटे वाक्य उभे असते : ‘त्या वेळी मी तेथे नव्हतोच.’ इंग्रजी कायद्यात या बचावाला ‘ॲलिबाय’ म्हणतात. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दुसऱ्या ठिकाणी’ एवढाच. मराठीत त्याला ‘अन्यत्र उपस्थितीचा बचाव’ असे म्हणता येईल. एक जण म्हणतो, पाहिला. दुसरा म्हणतो, नव्हतोच. दोन्ही खरे असू शकत नाही. मात्र, आणि हे फार महत्त्वाचे आहे, दोघेही प्रामाणिक असू शकतात.

१८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचा मसुदा जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी केला. कलमाखाली उदाहरण देण्याची त्यांची पद्धत आपल्याकडील टीकाकारांच्या दृष्टांतांची आठवण करून देणारी आहे. अकराव्या कलमाखालचे त्यांचे उदाहरण प्रसिद्ध आहे : गुन्हा कलकत्त्याला झाला; त्या दिवशी आरोपी लाहोरला होता, ही गोष्ट पुराव्यात ग्राह्य आहे. १९४७ साली लाहोर दुसऱ्या देशात गेले, तरी भारताच्या कायद्यातला तो आरोपी पुढे पंचाहत्तरहून अधिक वर्षे लाहोरलाच राहिला. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम अमलात आला, तेव्हा कोठे गुन्ह्याचे गाव चेन्नई झाले आणि आरोपी लडाखला गेला. शहरे बदलली, तत्त्व बदलले नाही. त्याच जुन्या कायद्याच्या १०३ व्या कलमाखाली आणखी एक उदाहरण होते : घटनेच्या वेळी आपण दुसरीकडे होतो असे न्यायालयाने मानावे अशी ज्याची इच्छा असेल, त्याने ते सिद्ध केले पाहिजे.

या दुसऱ्या उदाहरणाचा अर्थ पुष्कळदा चुकीचा लावला जातो. आरोपी गुन्ह्याच्या जागी होता हे दाखवण्याचे ओझे आधी सरकार पक्षाच्याच खांद्यावर असते, आणि तेही रास्त संशयाला जागा उरू नये इतक्या प्रमाणात. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बिनयकुमार सिंह विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणात ही मांडणी नेटकी केली आहे. सरकार पक्षाने ते ओझे उचलल्यानंतरच आरोपीच्या ‘अन्यत्र’ असण्याचा विचार होतो, आणि तेव्हा त्याचा पुरावा भक्कम असावा लागतो. म्हणजे अन्यत्र असल्याचे आरोपीला सिद्ध करता आले नाही, एवढ्याने तो गुन्ह्याच्या जागी होता असे ठरत नाही. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १९७६ साली टर्नबुल प्रकरणात ज्यूरीला द्यावयाच्या सूचना आखून दिल्या. अनोळखी माणसाची ओळख किती अंतरावरून, किती वेळात, कोणत्या उजेडात पटली याची बारकाईने तपासणी करावी, असे त्यांत सांगितले आहे. खोटा बचाव घेणारा माणूस निर्दोषही असू शकतो, हेही त्यांत बजावले आहे. घाबरलेला माणूस खरे सांगायला धजत नाही, हे न्यायाधीशांना सांगावे लागले, यातच बरेच काही आले.

आता एक खटला जरा सविस्तर पाहू. दूधनाथ पांडे विरुद्ध उत्तर प्रदेश राज्य या अपिलाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९८१ साली दिला. निकालपत्र सरन्यायाधीश यशवंत विष्णु चंद्रचूड यांचे आहे. खून अलाहाबादला सकाळी नऊच्या सुमारास झाला. बहिणीला शाळेत सोडून परतणाऱ्या तरुणाला गोळी घालण्यात आली. प्रत्यक्षदर्शींनी आरोपीचे नाव घेतले. तो त्यांच्या माहितीतला होता, म्हणजे येथे परक्या चेहऱ्याची ओळख पटवण्याचा प्रश्न नव्हता. आरोपीचे म्हणणे असे की, आपण त्या वेळी नैनीच्या टेलिफोन कारखान्यात कामावर होतो. कारखान्यातले साक्षीदार आले, हजेरीचा पुरावा आला. कागदोपत्री बचाव चांगला दिसत होता.

न्यायालयाने बचावाचे साक्षीदार खोटे ठरवले नाहीत. त्यांचे म्हणणे जसेच्या तसे मान्य करून पाहिले, आणि मग एक साधी गोष्ट पुढे आली. कामगार कारखान्यात शिरताना कार्डावर वेळेचा ठसा उमटे. बाहेर पडताना मात्र ठसा मारावा लागत नसे. साडेआठला आत गेलेला माणूस नऊ वाजता घटनास्थळी असू शकतो, इतके ते अंतर थोडे होते. पुन्हा आत जायचे तर वेळेचा दुसरा ठसा उमटला असता. दुपारी अडीचच्या सुमारास आरोपीला अटक झाली ती कारखान्यासमोरच्या पानाच्या दुकानाजवळ घुटमळताना. कार्ड खरे होते, साक्षीदारही खरे असतील. पण त्यांतून हवा तो निष्कर्ष निघत नव्हता. ‘अन्यत्र’ म्हणजे इतके दूर की तेथे असणारा माणूस येथे असणे शक्यच नाही, हा या निकालाचा गाभा. दोषसिद्धी कायम राहिली. फाशीऐवजी जन्मठेप झाली.

या निकालातले आणखी एक विधान कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. बचाव पक्षाच्या साक्षीदारांनाही सरकार पक्षाच्या साक्षीदारांइकीच वागणूक मिळाली पाहिजे. ते पुष्कळदा खोटे बोलतात हे खरे, पण सरकार पक्षाचे साक्षीदारही खोटे बोलतात, असा त्याचा आशय. बचावाच्या साक्षीदारावर सहजप्रवृत्तीने अविश्वास दाखवण्याची न्यायालयांची जुनी सवय चंद्रचूड यांनी नावानिशी दाखवली, आणि तीही आरोपीविरुद्ध निकाल देताना. ज्याच्या बाजूने निकाल द्यायचा त्याच्याविषयी उदार बोलणे सोपे असते. येथे तसे नव्हते, म्हणून या वाक्याचे मोल अधिक वाटते.

हजेरीचे कार्ड ज्याच्यापाशी आहे त्याचे ठीक. ज्याच्यापाशी नाही त्याचे काय? आदिलाबाद जिल्ह्यात पैनगंगेच्या काठाने वसलेल्या गावांतला कापूसवेचणीला जाणारा मजूर रात्री आठ वाजता कोठे होता, हे सांगणारा कागद कोठेही नसतो. तो घरी होता हे त्याची बायको सांगेल, आई सांगेल, फार तर शेजारी सांगेल. न्यायालयाच्या भाषेत हे सारे ‘हितसंबंधी’ साक्षीदार ठरतात. गरीब माणसाचे ‘अन्यत्र’ बहुधा त्याच्या घरात असते आणि तेथे परका साक्षीदार नसतो. तारखेचीही तीच गत. ‘तेरा तारीख’ असे तो सांगणार नाही. ‘बाजाराच्या दिवशी’ किंवा ‘अमावास्येच्या दुसऱ्या दिवशी’ असे सांगेल, आणि उलटतपासणीत ते अडाणीपण म्हणून मांडले जाईल. वास्तविक ती अधिक पक्की खूण आहे. पुष्य अमावास्येला केसलापूरला नागोबाच्या जत्रेत होतो असे एखाद्या गोंड माणसाने सांगितले, तर तारखेविषयी शंका उरत नाही, कारण मेसराम कुळाने आणलेल्या गोदावरीच्या पाण्याने पूजा होते ती रात्र त्या भागात कोणीही विसरत नाही. अडचण पुढे आहे. जत्रेत हजारो माणसे असतात, आणि हजारोंपैकी नेमका हाच माणूस कोणी पाहिला? गर्दी म्हणजे सर्वांसमोर असणे, आणि कोणाच्याही लक्षात नसणेही.

जिल्ह्यातल्या न्यायालयात आणखी एक पेच आहे, आणि तो भाषेच्या अभ्यासकाला विशेष जाणवावा असा आहे. साक्षीदार मराठीत, गोंडीत किंवा कोलामीत बोलतो. जबानी तेलुगूत उतरते. अपिलात ती इंग्रजीत वाचली जाते. मराठी साक्षीदार पिंजऱ्यातल्या माणसाकडे पाहून म्हणतो, ‘हाच तो दिसतो.’ मराठीत ‘दिसणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत : एक डोळ्यांना गोचर होणे, दुसरा वाटणे, भासणे. ‘हाच तो दिसतो’ या वाक्यात बोलणाऱ्याने स्वतःसाठी थोडी पळवाट ठेवलेली आहे. ‘हाच तो’ असे म्हणायला तो कचरला आहे. दोन भाषांतरांनंतर अपिलाच्या कागदावर ती कचर उरण्याची शक्यता फारच कमी. ‘तोच असावा’, ‘तसाच होता’, ‘तोच म्हणा ना’ या प्रत्येकातला खात्रीचा अंश निराळा आहे, आणि अपील ऐकणाऱ्या न्यायाधीशांना साक्षीदाराचा चेहरा दिसत नाही, त्याचा अडखळलेला आवाज ऐकू येत नाही. त्यांच्यासमोर असतो तो फक्त कागद.

मुळात अपील नावाची सोयच पुष्कळ उशिरा आली. इंग्लंडमध्ये फौजदारी अपील न्यायालय १९०७ साली स्थापन झाले आणि त्याला कारण झाला ॲडॉल्फ बेक नावाचा एक नॉर्वेजियन गृहस्थ. १८९५ च्या अखेरीस लंडनच्या रस्त्यात एका स्त्रीने त्याला हटकले आणि आपले दागिने लांबवणारा हाच, असे सांगितले. मग एकीमागून एक स्त्रिया आल्या आणि त्यांनीही त्यालाच ओळखले. १८७७ साली ‘जॉन स्मिथ’ या नावाने अगदी याच पद्धतीने स्त्रियांना फसवणारा एक इसम शिक्षा भोगून गेला होता. त्या वेळी त्याला पकडणाऱ्या पोलीस शिपायाने शपथेवर सांगितले की, हाच तो जॉन स्मिथ. बेकचे म्हणणे होते की १८७७ साली आपण दक्षिण अमेरिकेत, पेरू देशात होतो. स्टीफनसाहेबांच्या लाहोरापेक्षाही हे कितीतरी दूरचे ‘अन्यत्र’! दोन्ही गुन्हे एकाच माणसाचे आणि १८७७ साली बेक पेरूत, एवढे दाखवता आले असते तर तो सुटलाच असता. पण १८९६ च्या खटल्यात आरोप फक्त नव्या गुन्ह्यांचे ठेवलेले होते, म्हणून जुन्या गुन्ह्याचा विषय न्यायाधीशांनी येऊच दिला नाही. योगायोग असा की १८७७ साली जॉन स्मिथविरुद्ध सरकारतर्फे काम चालवणारे वकील फॉरेस्ट फुल्टन हेच आता न्यायासनावर होते. बेकला सात वर्षांची शिक्षा झाली. पुढे तुरुंगातल्या नोंदींवरून दिसून आले की जॉन स्मिथची सुंता झालेली होती, बेकची नव्हती. एवढा शारीरिक पुरावा हाती येऊनही बेकचा कैदी क्रमांक तेवढा बदलला. सुटका झाली नाही.

१९०१ साली तो बाहेर आला. १९०४ साली पुन्हा तसेच गुन्हे, पुन्हा तशाच स्त्रिया, पुन्हा तीच ओळख, पुन्हा दोषी! शिक्षा सुनावणे बाकी असताना खरा इसम दुसऱ्याच प्रकरणात पकडला गेला आणि सगळा उलगडा झाला. बेकला माफी आणि ५,००० पौंडांची भरपाई मिळाली. चौकशी समिती बसली. त्या सगळ्या स्त्रिया खोटे बोलल्या नव्हत्या. त्यांची फसवणूक खरी होती, संताप खरा होता, आणि समोर उभा केलेला माणूस थोडाबहुत तसा दिसतही होता. एकीने ओळखले म्हणून दुसरीला धीर आला असेल. खोटे बोलणाऱ्याला उलटतपासणीत पकडता येते. मनापासून चुकणाऱ्याला पकडणे फार कठीण. पुढच्या काळात अमेरिकेत डीएनए चाचणीमुळे निर्दोष ठरलेल्या कैद्यांची प्रकरणे तपासली गेली, तेव्हा त्यांतल्या बहुसंख्य प्रकरणांत कोणीतरी प्रामाणिकपणे चुकीची ओळख पटवलेली होती.

शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ गोविंद बल्लाळ देवलांनी मराठी रंगभूमीवर आणले, त्यामुळे त्यातला न्यायसभेचा प्रवेश अनेकांच्या स्मरणात असेल. उद्यानात एका स्त्रीचे छिन्नविच्छिन्न शरीर सापडते, ते वसंतसेनेचेच असे गृहीत धरले जाते, आणि चारुदत्त वधस्तंभाकडे निघतो. वसंतसेना जिवंत आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. न्यायाधिकाऱ्याला ते ठाऊक नसते. अपिलाचे न्यायाधीश नेहमी या न्यायाधिकाऱ्याच्याच जागी असतात.

मराठी मुलखातले अशा प्रकारचे सर्वांत अस्वस्थ करणारे प्रकरण नाशिक जिल्ह्यातले आहे. ५ जून २००३ च्या रात्री पेरूच्या बागेतल्या एका कुटुंबावर दरोडा पडला. पाच जणांचा खून झाला, स्त्रियांवर अत्याचार झाले. घरची आई आणि एक मुलगा वाचले. गुन्ह्याचे क्रौर्य असे होते की ते वर्णन करण्यात काही हशील नाही. पुढे भटक्या जमातीतल्या, मोलमजुरीवर जगणाऱ्या सहा जणांना अटक झाली. वाचलेल्यांनी त्यांना ओळखले. येथे सारे मर्म ओळखीतच होते.

जून २००६ मध्ये सत्र न्यायालयाने सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २००७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तिघांची फाशी कायम केली आणि तिघांना जन्मठेप दिली. ३० एप्रिल २००९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आरोपींची अपिले फेटाळली, राज्याचे अपील मान्य केले आणि सहाही जणांची फाशी पुन्हा उभी केली. तीन न्यायालये, तिन्ही ठिकाणी ओळखीवर विश्वास. त्यांपैकी एक आरोपी गुन्ह्याच्या वेळी अज्ञान होता, हेसुद्धा मागाहून सिद्ध झाले.

ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपलाच निकाल मागे घेऊन अपिले पुन्हा ऐकायला घेतली. ५ मार्च २०१९ रोजी न्यायमूर्ती सिक्री, नझीर आणि शहा यांच्या पीठाने सहाही जणांना निर्दोष सोडले. कागद तेच होते. वेगळे घडले ते एवढेच की एका कागदाकडे लक्ष गेले. घटनेनंतर दोनच दिवसांनी, ७ जून २००३ रोजी, त्या वाचलेल्या आईला पोलिसांनी संशयितांच्या छायाचित्रांचा संग्रह दाखवला होता, आणि तिने त्यातून चार जणांना ओळखले होते. ते चौघे या सहांपैकी कोणीही नव्हते. त्या चौघांवर आरोपपत्र दाखल झाले नाही. आणि नंतर तिच्याच तोंडून या सहांची ओळख न्यायालयात आली.

या स्त्रीला दोष देणे अमानुष ठरेल. तिने सोसले ते कोणाच्याही स्मृतीला हादरवून टाकणारे आहे. प्रश्न तिच्या सत्यनिष्ठेचा नाही, तिची पहिली आठवण बाजूला ठेवणाऱ्यांचा आहे. स्मृती ताजी असताना सांगितलेले नाव किंवा दाखवलेला चेहरा आणि काही आठवड्यांनी, पोलिसांनी पकडलेली माणसे समोर आल्यावर दाखवलेला चेहरा यांत फरक पडला, तर पहिल्याचे वजन अधिक, हे सामान्य व्यवहारातही कळते. ओळख परेड हा स्वतंत्र पुरावा नसतो. साक्षीदाराने न्यायालयात केलेल्या ओळखीला ती दुजोरा देते, इतकेच तिचे स्थान कायद्यात आहे. पण दुजोरा कशाला, आणि त्याच्या आधी काय घडले होते, हे पाहिल्याशिवाय परेडीचा कागद म्हणजे नैनीच्या कारखान्यातल्या कार्डासारखाच. शिरल्याची वेळ दाखवतो, बाहेर पडल्याची नाही.

अलीकडे आरोपीच्या हातात नवे साधन आले आहे, ते मोबाईलच्या मनोऱ्याच्या नोंदीचे. पैनगंगेच्या अलीकडे गुन्हा झाला आणि आरोपीचा मोबाईल नागपुरात होता असे दाखवता आले, तर बचाव बराच बळकट होतो. मात्र मनोरा मोबाईलची जागा सांगतो, माणसाची नाही; मोबाईल कोणाच्या खिशात होता हे पुन्हा कोणीतरी माणसानेच सांगावे लागते. सरकार पक्षाच्या ओळखीकडेही न्यायालये अधिक चिकित्सकपणे पाहू लागली आहेत. २१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या उपनगरी रेल्वे बॉम्बस्फोट खटल्यातील बारा जणांची शिक्षा रद्द केली. तेव्हा टॅक्सीचालकांसारख्या साक्षीदारांनी शंभराहून अधिक दिवस गप्प राहून मग चेहरे ओळखले, हे न्यायालयाला पटले नाही. ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकारच नव्हता, हाही आक्षेप न्यायालयाने मान्य केला. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत पायंडा म्हणून वापरण्यास स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र पुन्हा तुरुंगात जावे लागले नाही.

नाशिकच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने प्रत्येकी पाच लाख रुपयांची भरपाई राज्य शासनाने द्यावी, असा आदेश दिला. तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांचा शोध घेऊन त्यांच्यावर खातेनिहाय कारवाई करावी, असेही सांगितले. सहा जणांच्या आयुष्याची सुमारे सोळा वर्षे गेली होती. आणि त्या आईने ७ जून २००३ रोजी बोट ठेवलेली चार छायाचित्रे त्या सोळा वर्षांत कोणत्याही आरोपपत्राला जोडली गेली नव्हती.